सीमेवरचं गाव शोधताना: जुनी वर्तमानपत्रं आणि जुने नकाशे एकमेकांसमोर ठेवून कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिका आणि मेक्सिकोच्या सीमेवरच्या एका छोट्या गावाचा १८८० ते १९२० या काळातला इतिहास लिहायचा आहे. तिथल्या साप्ताहिकांचे अंक आणि जुने नकाशे इंटरनेटवर फुकट मिळाले. पण बातमीतली ठिकाणं नकाशावर सापडत नाहीत. नकाशावर ठळक दिसणाऱ्या वस्तीचा वर्तमानपत्रात उल्लेखच नाही. शोधपेटीत नाव टाकलं तर एकतर काहीच हाती लागत नाही, नाहीतर हजारो पानं अंगावर येतात. सुरुवात कुठून करायची आणि विश्वास कशावर ठेवायचा?

छोट्या गावाच्या वर्तमानपत्राला तारीख पक्की माहीत असते, पण जागा सांगायची त्याला गरजच वाटत नाही. 'जुन्या गोठ्यापलीकडे', 'नदीच्या खालच्या वळणावर' एवढ्यावर ते भागवतं, कारण वाचणाऱ्या तीन-चारशे घरांना ती जागा पाठ असते. नकाशाचं नेमकं उलट. जागेला तो पक्का, तारखेला कच्चा. कोपऱ्यात छापलेलं वर्ष बहुतेक वेळा छपाईचं असतं. मोजणी त्याच्या कितीतरी आधीची असू शकते आणि मधल्या काळात रेल्वे येऊन अर्धं गाव रुळांकडे सरकलेलं असू शकतं. म्हणून या दोघांना वेगवेगळं वाचू नका. एकाची उलटतपासणी दुसऱ्याकडून करून घ्या. तुमची अडचण साधनं कमी असल्याची नाही, ती दोन वेगळ्या खिडक्यांत उघडून वाचल्याची आहे.

सीमाभागात आणखी एक पेच असतो. इथे हद्दच जागेवर राहत नाही.

अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या २ फेब्रुवारी १८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गोच्या तहाला जो नकाशा जोडला होता तो न्यूयॉर्कच्या डिस्टर्नेल नावाच्या प्रकाशकाने १८४७ मध्ये काढलेला, बाजारात विकला जाणारा नकाशा होता. त्यात एल पासो खऱ्या जागेपेक्षा सुमारे अर्धा अंश उत्तरेला आणि रिओ ग्रांदे नदी जवळपास दोन अंश पूर्वेला दाखवली होती. तहात हद्द सांगताना याच नकाशाचा आधार घेतलेला, त्यामुळे 'एल पासोच्या उत्तरेला' म्हणजे कागदावरच्या एल पासोच्या की जमिनीवरच्या, यावर दोन्ही देशांचे मोजणी आयुक्त भांडत बसले. रिओ ग्रांदेकाठचं मेसिया खोरं कुणाचं हा वाद त्यातूनच पेटला आणि शेवटी १८५३ च्या गॅड्सडेन कराराने अमेरिकेने १ कोटी डॉलर मोजून तो पट्टा आणि आजच्या ॲरिझोनाचा दक्षिण भाग विकत घेतला. हे सांगण्याचं कारण असं की १८५५ च्या आधीच्या कुठल्याही नकाशावर आजची हद्द वरून ठेवून 'हे गाव या देशात होतं' असं लिहू नका. त्या काळच्या रहिवाशालाही ते खात्रीने सांगता आलं नसतं.

पश्चिमेकडच्या कोरड्या भागात हद्द निदान दगडांनी आखलेली आहे. १८५५ च्या मोजणीत रिओ ग्रांदेपासून पॅसिफिकपर्यंत ५२ खुणा उभारल्या गेल्या. म्हणजे मैलोन् मैल नुसतं वाळवंट. १८९० च्या दशकात दोन्ही देशांनी पुन्हा मोजणी करून ही संख्या २५८ वर नेली आणि या खुणांचे फोटो काढून त्यांचा अल्बम केला. तुमचं गाव न्यू मेक्सिको, ॲरिझोना किंवा कॅलिफोर्नियाच्या सीमेवर असेल तर हा अल्बम शोधाच. दगडाच्या मागे जी झोपडी, कुंपण किंवा दुकान दिसतं ते कुठल्याही नकाशात नसतं. ॲरिझोनातल्या नोगालेसला तर हद्दीच्या खुणेला अक्षरशः खेटून एक सलून उभं होतं. दारू आणि सिगारचा धंदा दोन्ही देशांच्या कायद्यांच्या फटीत चालायचा. शेवटी १८९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांनी नोगालेसमध्ये हद्दीलगतचा ६० फुटांचा पट्टा मोकळा ठेवण्याचा हुकूम काढला. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०७ मध्ये असाच पट्टा पश्चिमेकडच्या हद्दीलगतच्या सगळ्या सरकारी जमिनीवर लागू केला. त्यामुळे १८९७ च्या आधीचा आणि नंतरचा नोगालेसचा नकाशा शेजारी ठेवलात की इमारतींची एक अख्खी ओळ गायब झालेली दिसते. ती का गेली, कुणी किती आरडाओरडा केला, याच्यासाठी मात्र तिथल्या साप्ताहिकांकडेच जावं लागतं. 'द ओएसिस' आणि 'द बॉर्डर व्हिडेट' ही नोगालेसची दोन पत्रं या कामाला चांगली आहेत.

टेक्सासच्या बाजूला हद्द म्हणजे नदी, आणि नदी कुणाचं ऐकत नाही. १८८४ च्या करारात ठरलं की पात्र गाळाने हळूहळू सरकलं तर हद्दही त्याबरोबर सरकेल, पण पुराने एका झटक्यात नवा मार्ग घेतला तर हद्द जुन्या, कोरड्या पडलेल्या पात्रातच राहील. वाचायला सोपं. पण पात्र 'हळूहळू' सरकलं की 'झटक्यात' हे ठरवणार कोण? एल पासोच्या चामिसाल भागाचा तंटा याच प्रश्नावर जवळपास शंभर वर्षं चालला. १८६४ च्या पुरापासून नदी दक्षिणेला सरकत गेली, १९११ मध्ये लवादाने निवाडा दिला तो अमेरिकेने मानला नाही, आणि १९६३ च्या कराराने तो मिटला. तेव्हा नदीसाठी काँक्रीटचा कालवा बांधला आणि एल पासोच्या बाजूच्या पाच हजारांहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली.

अशा ठिकाणी वर्तमानपत्र नकाशाच्या कितीतरी पुढे असतं. पुराच्या आठवड्यातले अंक काढा. कुणाची कापणीला आलेली मका वाहून गेली, कुणाचं शेत 'पलीकडे' गेलं, होडीवाल्याने उतार कुठे हलवला, हे सगळं त्यात असतं. मग पुराच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे घ्या आणि बातमी त्या दोहोंच्या मध्ये बसवा. काही वेळा पात्र पुराने नाही, माणसाने बदललेलं असतं. १९०६ मध्ये एका सिंचन कंपनीने आपल्या पंपांची सोय पाहून नदीचं वळण बेकायदा कापलं. वळणाच्या आतला एल ओर्कोनचा तुकडा कायद्याने अमेरिकेचा आणि व्यवहारात नदीच्या मेक्सिकोकडच्या बाजूचा झाला. तिथे रिओ रिको नावाचं गाव मेक्सिकन म्हणून वाढलं. १९७० च्या सीमाकरारानुसार १९७७ मध्ये तो तुकडा रीतसर मेक्सिकोकडे गेला. मधली सत्तर वर्षं नुसता नकाशा पाहणाऱ्याने त्या गावाबद्दल जे काही लिहिलं असेल ते अर्धं चुकीचंच असणार.

आता साधनं. यावर जास्त वेळ घालवत नाही, कारण ती शोधायला सोपी आहेत. वर्तमानपत्रांसाठी अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचं 'क्रॉनिकलिंग अमेरिका' आणि टेक्साससाठी नॉर्थ टेक्सास विद्यापीठाचं 'पोर्टल टू टेक्सास हिस्टरी'. स्पॅनिश पत्रांसाठी ॲरिझोना विद्यापीठाचा मेक्सिकन आणि मेक्सिकन-अमेरिकन पत्रांचा संग्रह. मेक्सिकोच्या बाजूसाठी तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाची 'एमेरोतेका नासिओनाल दिहिताल'. नकाशांसाठी काँग्रेसच्या ग्रंथालयातले सॅनबोर्न विमा नकाशे, अमेरिकन भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १८८४ पासूनचे स्थलदर्शक नकाशे, डेव्हिड रम्झी संग्रह आणि मेक्सिको सिटीतली ओरोस्को इ बेर्रा मापोतेका. टेक्साससाठी मात्र तिथलं राज्य भूमी कार्यालय अनिवार्य आहे. कारण पुढे येतं.

शोधपेटीचं. नव्याने या कामाला लागलेल्या माणसाला मी पहिले काही दिवस शोधपेटीला हात लावू नका असंच सांगतो. एका वर्षाचे अंक पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत नुसते चाळा. हे वेळखाऊ आहे, कंटाळवाणं आहे, आणि याला पर्याय नाही. कोणत्या पानावर काय येतं, गावच्या लोकांच्या येण्याजाण्याच्या चार ओळी कुठल्या रकान्यात असतात, संपादकाचं वैर कुणाशी आहे, हे कळल्याशिवाय शोधपेटीचे निकाल वाचताच येत नाहीत.

चाळताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. छोट्या साप्ताहिकाची आतली दोन पानं आणि बाहेरची दोन पानं एकाच हाताने छापलेली वाटत नाहीत. ती तशी नसतातच. शिकागोच्या अँसेल केलॉग याने १८६५ च्या सुमारास एक धंदा सुरू केला: कागदाची एक बाजू आधीच छापून गावोगावच्या छापखान्यांना पाठवायची. त्यावर राष्ट्रीय बातम्या, क्रमशः कादंबरी, औषधांच्या जाहिराती, शेतीचा सल्ला असा तयार माल. गावचा छापखानेवाला दुसऱ्या बाजूला आपला मजकूर जुळवून छापायचा. त्याचा कागदाचाही खर्च वाचायचा आणि खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवायचं निम्मं कामही. पुढे वेस्टर्न न्यूजपेपर युनियनने हा धंदा देशभर वाढवला. तुम्हाला शोधात जी हजारो पानं मिळाली त्यांतली बरीचशी ही तयार पानं असतील. तीच बातमी, तोच फोटो, तीच चूक शंभर गावांत. 'आमच्या गावात १८९० मध्ये लोक हे वाचत होते' एवढंच त्यावरून म्हणता येतं, 'आमचं गाव असं विचार करत होतं' असं नाही. खरा गाव स्थानिक पानांवर असतो, आणि ती पानं अक्षरावरून ओळखू येतात: खिळे झिजलेले, एखादं अक्षर सतत तुटकं, शाई कुठे दाट कुठे विरळ.

त्या स्थानिक पानांवर संशोधक बातम्या वाचतात आणि जाहीर नोटिसा सोडून देतात. माझ्या मते पहिल्यांदा नोटिसाच वाचाव्यात. बातमी लिहिताना संपादकाला काहीतरी सांगायचं, लपवायचं किंवा विकायचं असतं. नोटीस कायद्याने द्यावी लागते आणि तीत जागा नेमकी लिहावी लागते. खाणीचे दावे, थकीत कराच्या याद्या, गुरांवरच्या डागांच्या जाहिराती (कोणाचा डाग कसा, कान कसा कापलेला, गुरं कुठल्या रानात चरतात, सगळं) हा सगळा जागेचा तपशील आहे.

सगळ्यात उपयोगी आहेत होमस्टेड कायद्याखालच्या नोटिसा. १८६२ च्या कायद्याने १६० एकर सरकारी जमीन राहून-कसून आपल्या नावावर करता यायची; १९०९ मध्ये कोरड्या प्रदेशात ही मर्यादा ३२० एकरांवर गेली आणि १९१२ मध्ये राहण्याची अट पाच वर्षांवरून तीनवर आली. हक्क पक्का करण्याआधी जवळच्या वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागे आणि तीत साक्षीदारांची नावं असत. न्यू मेक्सिकोच्या सीमेवरची काही साप्ताहिकं तर मुख्यतः या नोटिसांच्या पैशावर तगली होती, आणि जमिनीची झुंबड ओसरली तशी तीही बंद पडली.

अशी नोटीस प्रत्यक्ष कशी वापरायची ते पाहा. समजा कोलंबस, न्यू मेक्सिकोच्या परिसरातली १९१४ ची नोटीस आहे. वर लिहिलेलं असतं: अंतर्गत खातं (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरिअर), भूमी कार्यालय, लास क्रूसेस. मग दावेदाराचं नाव, आणि मग एक ओळ जिला बहुतेक वाचक घाबरतात: नैर्ऋत्य पाव, सेक्शन १४, टाउनशिप २८ दक्षिण, रेंज ८ पश्चिम, न्यू मेक्सिको प्रमुख मध्यान्हरेषा. याचा अर्थ लावणं अगदी सरळ आहे. न्यू मेक्सिकोच्या मध्यावर मोजणीचा एक आरंभबिंदू ठरवलेला आहे; त्यातून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा म्हणजे प्रमुख मध्यान्हरेषा. तिथून दक्षिणेकडे ६ मैलांच्या पट्ट्यांत मोजत २८ वा पट्टा आणि पश्चिमेकडे तसाच ८ वा. या दोन्हींच्या छेदात ६ बाय ६ मैलांचा चौकोन मिळतो. त्याचे एकेक चौरस मैलाचे ३६ सेक्शन. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे जातात, सहावर पोचल्यावर खाली उतरतात आणि नांगरटीसारखे उलट फिरतात. म्हणजे सेक्शन १४ वरून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरा. त्याचा नैर्ऋत्य चतुर्थांश म्हणजे १६० एकर. संघराज्याच्या भूमी नोंदींच्या संकेतस्थळावर हा टाउनशिप टाकला की मूळ मोजणीचा आराखडा उघडतो. मोजणीदाराने त्यावर त्या वेळी दिसलेले रस्ते, पाणवठे, कधीकधी एखादं घरही काढलेलं असतं.

आता साक्षीदारांकडे वळा. ते बहुधा शेजारी असतात, आणि त्यांच्या स्वतःच्या नोटिसाही त्याच पत्रात आगेमागे सापडतात. त्या सगळ्या त्याच आराखड्यावर बसवत गेलात की कोण कुणाच्या शेजारी राहत होतं, कुणाची साक्ष कुणी दिली, कुठल्या कोपऱ्यात एकाच राज्यातून आलेली माणसं गोळा झाली, हे दिसायला लागतं. 'जुन्या गोठ्यापलीकडे' घडलेली बातमी या टप्प्यावर आपोआप जागेवर बसते. सीमेलगतचे टाउनशिप दक्षिणेकडे अपुरे असतात, कारण हद्दीने ते मध्येच कापलेले असतात. तिथे सेक्शनचे क्रमांक तुटलेले दिसले तर बिचकू नका.

टेक्सासमध्ये हे काहीच चालत नाही. १८४५ मध्ये संघराज्यात सामील होताना टेक्सासने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडे ठेवली. त्यामुळे तिथे चौकोनी टाउनशिप नाहीत आणि संघराज्याच्या नोंदीही नाहीत. रिओ ग्रांदेच्या काठी तर मोजणी स्पॅनिश काळातली आहे. १७६७ मध्ये लारेदो, मिएर, कामार्गो, रेनोसा अशा वस्त्यांभोवती 'पोर्सिओन' पाडले गेले: नदीवर अरुंद तोंड आणि आत मैलोन् मैल लांब गेलेल्या पट्ट्या, म्हणजे प्रत्येकाच्या गुरांना पाणी मिळावं. मोजमाप 'वारा' या लांबीच्या स्पॅनिश एककात, टेक्सासमध्ये एक 'वारा' ३३⅓ इंचांचा. या पट्ट्या आजही तिथल्या जमिनीच्या नकाशात जशाच्या तशा दिसतात. वर्तमानपत्रातल्या विक्रीच्या नोटिशीत 'पोर्सिओन क्रमांक अमुक' आणि चतुःसीमा दिली असेल तर राज्य भूमी कार्यालयाचा जिल्हा नकाशा उघडा, पाच मिनिटांचं काम आहे. मूळ दस्तांची साखळी मात्र तुटलेली असू शकते. १८५० मध्ये हक्कांची छाननी करणाऱ्या आयोगाचे कागद घेऊन निघालेली 'अँसन' ही आगबोट बुडाली आणि कित्येक कुटुंबांचे मूळ कागद समुद्रात गेले. पुढच्या जमिनीच्या भांडणांत याचा फायदा कुणी घेतला हे सांगायला नको.

गावाच्या आत शिरायचं तर सॅनबोर्न नकाशे. हे आगीच्या विम्यासाठी केलेले. साधारण ५० फुटांना एक इंच इतकं मोठं प्रमाण, म्हणजे प्रत्येक इमारत वेगळी. गुलाबी म्हणजे वीट, पिवळा म्हणजे लाकूड, निळा म्हणजे दगड, राखाडी म्हणजे पत्रा किंवा लोखंड. कच्च्या विटांच्या घरांवर 'अडोबी' असं लिहिलेलं असतं. पहिल्या पानावर लोकसंख्या, पाण्याची सोय, आगीच्या बंबाची स्थिती, वाऱ्याची दिशा. खोलीवर 'एस' असेल तर दुकान, 'डी' असेल तर राहतं घर, आणि 'स्त्रियांची खाणावळ' अशा अर्थाची खूण असेल तर ती खाणावळ नव्हे, कुंटणखाना समजायचा. विमा कंपनीला त्याच्याशी नैतिक देणंघेणं नव्हतं, दिवे आणि पडदे असलेल्या लाकडी इमारतीचा धोका तिला हवा होता. संपादक ज्या गल्लीचा कधी उल्लेख करत नाही ती गल्ली इथे खोल्याखोल्यांनिशी हजर असते.

दोन सावधगिऱ्या. दर काही वर्षांनी नवा नकाशा काढण्याऐवजी कंपनी दुरुस्तीच्या चिठ्ठ्या पाठवायची आणि त्या जुन्या पानावर चिकटवल्या जायच्या. स्कॅन मोठं करून पाहिलंत तर चिठ्ठीची कड आणि किंचित वेगळा रंग दिसतो. म्हणजे एकाच पानावर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचं गाव असतं. आणि ज्या वस्तीत विमा विकायचा नाही ती वस्ती नकाशातच येत नाही. सीमेवरच्या गावांत अशी वस्ती बहुतेक वेळा मेक्सिकन मजुरांची असायची. पान तिच्या कडेला येऊन संपतं, किंवा एका मोठ्या चौकोनावर 'मेक्सिकन घरं' असे दोन शब्द लिहून मोकळं होतं. तुम्ही म्हणता की नकाशावरची वस्ती वर्तमानपत्रात नाही. त्याची उलट बाजूही तपासा: स्पॅनिश वर्तमानपत्रात दिसणारी वस्ती इंग्रजी नकाशात नाही, असंही सर्रास होतं. स्थलदर्शक नकाशांचंही तेच. सीमेवरच्या बऱ्याच जुन्या पानांवर अमेरिकेच्या बाजूला टेकडीन् टेकडी काढलेली आणि हद्दीच्या दक्षिणेला कोरा कागद.

विश्वासाबद्दल विचारलंत. पत्राचा मालक कोण हे कळेपर्यंत त्या गावातल्या संपाबद्दल, दंगलीबद्दल, गोळीबाराबद्दल त्याचं काहीही खरं धरू नका. १२ जुलै १९१७ ला ॲरिझोनातल्या बिस्बीमध्ये संपावर गेलेले खाण कामगार आणि त्यांचे समर्थक अशा सुमारे १,२०० जणांना बंदुकीच्या धाकावर गुरांच्या डब्यांत कोंबून न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात नेऊन सोडलं गेलं. त्या दिवशी सकाळच्या 'बिस्बी डेली रिव्ह्यू'ने बायका-मुलांनी आज रस्त्यावर येऊ नये असा ठळक मथळा दिला होता. हे पत्र फेल्प्स डॉज या खाण कंपनीच्या मालकीचं होतं, म्हणजे संप जिच्याविरुद्ध होता तिच्याच. मथळा खोटा नाही. उलट तो फार मोठा पुरावा आहे, पण हद्दपारीची तयारी आधीपासून होती याचा.

दुसरं उदाहरण टेक्सासचं. २८ जानेवारी १९१८ ला पोर्वेनीर या रिओ ग्रांदेकाठच्या वस्तीत टेक्सास रेंजर्सनी (राज्याच्या सशस्त्र पोलीस दलाने) आणि काही गुरेमालकांनी १५ पुरुष आणि मुलांना रात्री घराबाहेर काढून मारलं. रेंजर कॅप्टनच्या अहवालात ती चकमक होती. वाचलेली माणसं नदी ओलांडून पळाली, वस्ती जमीनदोस्त झाली आणि नकाशावरून गेली. मारल्या गेलेल्यांची नावं उरली ती मुख्यतः हॅरी वॉरन या शाळामास्तराने नोंदवून ठेवली म्हणून, आणि १९१९ मध्ये आमदार होसे कानालेस यांनी विधिमंडळात चौकशी लावून धरली म्हणून. 'सीमेवर डाकूंशी चकमक' ही त्या दशकातल्या इंग्रजी पत्रांची ठरलेली ओळ आहे. ती दिसली की त्याच आठवड्याचं स्पॅनिश पत्र काढा: सॅन अँटोनिओचं 'ला प्रेन्सा', लारेदोचं 'ला क्रोनिका', जे मिळेल ते. न मिळालं तर का मिळत नाही हेही लिहा. १९१४ मध्ये लारेदोच्या 'एल प्रोग्रेसो'चा छापखाना बंद करायला रेंजर्स आले तेव्हा होविता इदार ही पत्रकार दारात उभी राहिली आणि त्यांना परत जावं लागलं. नंतर ती नसताना येऊन त्यांनी छापखाना फोडला. संग्रहातली प्रत्येक पोकळी उंदीर-वाळवीने केलेली नसते.

एवढं झाल्यावर शोधपेटीकडे जा. गावाची जुनी नावं आधी लिहून काढा. आजचं सिउदाद हुआरेस १८८८ पर्यंत पासो देल नोर्ते होतं. त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात नुसतं 'एल पासो' असेल तर नदीचा कुठला काठ हे दर वेळी ठरवावं लागतं. नोगालेसचं टपाल कार्यालय सुरुवातीला आयझॅकसन नावाने होतं. तिहुआना इंग्रजी पत्रांत दोन शब्दांत 'तिया हुआना' असं फोडून येतं. स्पॅनिश नावांतली स्वरचिन्हं आणि 'न्य'चं अक्षर यंत्रवाचनात (संगणक स्कॅनमधली अक्षरं ओळखतो तेव्हा) हमखास बिघडतं, इंग्रजी संपादकांनी ती ऐकल्याप्रमाणे लिहिली तो घोळ वेगळाच. म्हणून माणसाच्या नावापेक्षा विहीर, गिरणी, रेल्वेचं ठाणं, सरकारी कार्यालय अशा न बदलणाऱ्या शब्दांनी शोधा आणि तारखेची मर्यादा एका महिन्यापुरती आवळा. जिल्ह्यांच्या हद्दीही पाहा. ॲरिझोनातला सांता क्रूस जिल्हा १८९९ मध्ये पिमा जिल्ह्यातून वेगळा झाला, न्यू मेक्सिकोतला लूना जिल्हा १९०१ मध्ये झाला. त्याआधीच्या सरकारी नोटिसांसाठी तुमच्या गावाचं नव्हे, जुन्या जिल्हा ठाण्याचं पत्र पाहावं लागेल.

मेक्सिकोच्या बाजूला ऑनलाइन साहित्य विरळ आहे, पण ते टाळून सीमेवरच्या गावाचा इतिहास लिहिता येत नाही, नाहीतर तो नदीच्या एका काठाचा इतिहास होतो. स्पॅनिश वाचता येत नसेल तर निदान पूर, गोळीबार, जकातीचे वाद अशा दोन्ही बाजूंना लागू घटनांच्या तारखांपुरते अंक कुणाकडून तरी वाचून घ्या. फाल्कोन धरणाच्या परिसरातलं गाव असेल तर आणखी एक पायरी लागते: १९५३ च्या त्या जलाशयात जुनं गेरेरो आणि जुनं सपाता गेलं, गावं नव्या जागी त्याच नावांनी वसली. आजच्या नकाशावर जुना नकाशा बसवताना नावावरून जुळणी केलीत तर कित्येक मैलांनी चुकाल. जुन्या पोर्सिओनच्या रेषा किंवा हद्दीची जुनी मोजणी धरूनच बसवा.

नोंद ठेवताना दुव्यासोबत पत्राचं नाव, तारीख, पान आणि रकाना लिहा, कारण संकेतस्थळांचे पत्ते बदलतात, रकाना बदलत नाही. नकाशासाठी पानाचा क्रमांक, प्रमाण, मोजणीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगवेगळं लिहा. सॅनबोर्न असेल तर चिठ्ठ्या चिकटवलेल्या आहेत का हेही. आणि दोघांची साक्ष जुळत नसेल तिथे ओढूनताणून मेळ घालू नका. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा आणि पुढे जा. बहुतेक वेळा तिसरी नोटीस कुठेतरी पुढच्या वर्षाच्या अंकात पडलेली असते.